सालेमच्या मांडीतला मुका मार

माणसांचे चेहरे मी विसरतो; पोटऱ्या विसरत नाही. कोल्हापुरात बाजारात कुणी हाक मारून "काय शामराव, ओळखलं का?" असं विचारलं, की मी हसून वेळ मारून नेतो. पण तोच गृहस्थ घरी येऊन पालथा पडला आणि मी त्याच्या पाठीला हात लावला, की तो कुठल्या खांद्यावर ओझं घेतो, कुठल्या कुशीवर झोपतो आणि दिवसभर खुर्चीत कसा वाकडा बसतो, हे मी सांगू शकतो. यात चमत्कार काही नाही. कुवेतच्या एका फुटबॉल क्लबात मी बारा-तेरा वर्षं रोज वीस-बावीस गड्यांचे पाय चोळले. एवढ्या वर्षांत हाताला इतपत कळलं नसतं तर मीच हात जोडून घरी बसलो असतो.

कुवेतला मी या कामासाठी गेलो नव्हतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. शुवैखच्या एका गॅरेजात गाड्यांचे पोचे काढायला मी डेंटर म्हणून गेलो. एक दिवस चेपलेल्या मडगार्डाची मोठी गाडी आली आणि तिच्यातून त्याच अपघातात आखडलेली मान घेऊन एक कुवेती गृहस्थ उतरला. तो एका क्लबाचा मॅनेजर निघाला. मी मोडक्यातोडक्या भाषेत त्याला सांगितलं, गाडी परवा मिळेल, मान आत्ता मिळेल. त्याला टायरवर बसवलं आणि मान मोकळी करून दिली. आज कुणी अपघातातली मान माझ्यापुढे केली, तर मी तिला बोट लावणार नाही. आधी इस्पितळात धाडीन. त्या दिवशी देवानंच सांभाळलं, त्याला आणि मलाही. दहा दिवसांनी तो माझ्या कफीलाला, म्हणजे ज्याच्या नावावर मी त्या देशात राहत होतो त्या मालकाला, भेटला. कागद बदलले आणि मी क्लबाचा मुदल्लिक झालो. मुदल्लिक म्हणजे मालिशवाला. अरबीत 'प' नाही, त्यामुळे पोवारचा बोवारही त्याच दिवशी झालो.

हे अंगात कुठून आलं, असं लोक विचारतात. आमच्या पेठेत तालीम होती. मेहनत झाली की एकमेकांची अंगं रगडायची, हा तिथला रिवाज. वस्ताद बघत उभे. अंगठा कुठे लावायचा, कोपर कुठे घालायचं, तेल किती कोमट हवं, हे वर्गात बसून शिकलो नाही. वस्तादांच्या चापटा खाऊन शिकलो. शिवाय आमच्याकडे तालमींचेच फुटबॉलचे संघ असतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. मीही तालमीकडून आणि दोन वर्षं कॉलेजकडून बॅक खेळलो. तिसऱ्या वर्षी परीक्षेनं मला बाद केलं.

क्लबातलं काम ऐकायला सोपं. सामन्याआधी हलक्या हाताने, पाय जागे होतील इतकंच चोळायचं. सामन्यानंतर जड हाताने, टाचेकडून वर. विंगर लोकांच्या मांड्या पळून पळून मागून धरतात, गोलकीपरची बोटं कायम सुजलेली, आणि बॅक लोकांचं सगळं अंगच पुढून ठेचलेलं. गिऱ्हाइकंही नमुनेदार. एक जुना विंगर उजव्या पायाला आधी हात लागल्याशिवाय टेबलावर आडवाच व्हायचा नाही. एकदा चुकून डाव्याला लागला, तर उठून बाहेर गेला आणि पुन्हा पहिल्यापासून आत आला. एक पदाधिकारी दर गुरुवारी खेळाडूंची विचारपूस करायला यायचे आणि विचारपूस करता करता शर्ट काढायचे. मी त्यांनाही चोळत असे. नोकरी म्हटली की हे आलंच.

सालेम आला तो ऐंशीनंतर. आमचे प्रशिक्षक मिरकोसाहेब युगोस्लाव्हियाचे. मोजकं बोलणारे, सदा कपाळाला आठी. कुणाच्या तरी शिफारशीवरून ते एका छोट्या तांत्रिक कॉलेजचा सामना बघायला गेले होते, एका विंगरसाठी. परत आले ते त्या विंगरला ज्याने नव्वद मिनिटं हलू दिलं नाही त्या स्टॉपरचं, म्हणजे मधल्या बॅकचं, नाव घेऊन. तो सालेम. त्याचे वडील पॅलेस्टाइनहून आलेले, पाण्याचा टँकर चालवायचे. पोरगा कुवेतमध्येच हवल्ली भागात जन्मला आणि वाढला. त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता, नुसता प्रवासाचा कागद होता. कॉलेज संपलं की स्वतःची नोकरी आणि स्वतःचा कफील शोधायचा, नाहीतर तो देश सोडायचा. सोडून जायचं कुठे, याला उत्तर नव्हतं.

त्याचा खेळ बघून मला पहिल्या दिवशी प्रश्न पडला की हा गडी कधी पडत कसा नाही? बॅक म्हटला की घसरून चेंडू काढायचा, हे सगळीकडचं. सालेम उभ्याउभ्याच काढायचा. समोरच्याच्या अर्धं पाऊल आधी तिथे हजर. नंतर त्यानेच सांगितलं, की कॉलेजचं मैदान खडीचं होतं. घसरलं की मांडीची साल निघायची आणि घरी आईच्या शिव्या. म्हणून न घसरता कसं खेळायचं ते तो शिकला. मिरकोसाहेबांना नेमकं हेच आवडलं होतं. दोन महिन्यांत तो पहिल्या संघात आला. सामनाभर त्याची टकळी चालू असे. तू इकडे हो, तू त्याला धर, तू मागे ये. टेबलावर मात्र एकदम गप्प. मी बॅक होतो हे कळल्यावर तो मला कधीकधी विचारायचा, अमुक वेळी मी पुढे गेलो ते चुकलं का? मुदल्लिकला खेळातलं कुणी विचारत नाही. तो विचारायचा, म्हणून तो माझा लाडका होता. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

त्याच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, हंगामाच्या सुरुवातीला, एका सामन्यात समोरच्या फॉरवर्डचा गुडघा सालेमच्या उजव्या मांडीवर पुढून बसला. रक्त नाही, जखम नाही. नुसता मुका मार. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला तेव्हा मांडी लाकडासारखी कडक झालेली आणि गुडघा निम्मासुद्धा वाकेना. मला वस्ताद आठवले. मुका मार बसला की गाठ धरायच्या आत रगडून फोडायची, हे मी लहानपणापासून बघितलेलं. मोहरीचं तेल गरम केलं, अंगठे लावले, कोपर घातलं. सालेमने दात आवळले, पण हूं की चूं केलं नाही. असं मी आठ दिवस केलं, रोज तासभर. मला वाटलं, याच्यासाठी मी जास्तीची मेहनत घेतोय. खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात मी स्वतःचं कौतुकही करत होतो.

मांडी सुधारली नाही. तीन आठवडे झाले तरी आत काहीतरी टणक लागत होतं आणि गुडघा आणखीच आखडला होता. मिरकोसाहेबांनी त्याला सरकारी इस्पितळात पाठवलं आणि सोबत मला. तिथे फिजिओथेरपीच्या विभागात सुनंदाताई होत्या, पुण्याच्या. वयाने माझ्याएवढ्याच, पण सगळा मराठी गोतावळा त्यांना ताईच म्हणायचा. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. मांडीच्या हाडाशेजारी, जिथे नुसतं मांस असायला हवं तिथे, ढगासारखा एक पांढरा पट्टा दिसत होता. त्यांनी सालेमकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं.

"पोवार, हे चोळलंय का कोणी?"

"व्हय ताई. म्याच."

"गरम तेलानं?"

"आठ दिस. चांगलं रगडून."

त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. मग आवाज न चढवता त्यांनी मला समजावलं. मार बसला की आत रक्त साकळतं. त्याला बर्फ द्यायचा आणि गप्प राहू द्यायचं. ते रगडत राहिलं तर शरीराचा गोंधळ होतो. इथे हाड मोडलंय असं समजून ते मांसातच हाड तयार करायला घेतं. आता याला हात लावायचा नाही. काही महिने थांबायचं. बहुतेक बरं होईल. खेळण्याइतकं होईल का, हे त्या आज सांगू शकत नव्हत्या. सगळं मराठीत चाललं होतं, आणि ज्याची मांडी तो आमच्या दोघांच्या मध्ये बसून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

बाहेर आल्यावर सालेमने विचारलं, बाई काय म्हणाल्या? मी म्हणालो, विश्रांती घ्यायला सांगितलीय. ते खोटं नव्हतं. त्याने मला त्याच्या जुन्या गाडीतून क्लबापर्यंत सोडलं आणि सोबत आल्याबद्दल माझे आभार मानले. ते आभार मला आजही टोचतात.

दोन दिवस मी कुणाला काही बोललो नाही. ताई बोलणार नव्हत्या, हे मला कळत होतं. रिपोर्टात त्यांनी नुसता मार असं लिहिलं होतं. मिरकोसाहेबांना सांगितलं तर नोकरी जाणार. नोकरी गेली तर राहण्याचा कागद जाणार. कोल्हापुरात बायको आणि लेक माझ्या पाठवण्यावर. कोणी विचारलं नाही, तर मी आपण होऊन कशाला सांगू, असं दोन दिवस घोकलं. पण सालेम रोज येऊन टेबलावर पडायचा. मी हात लावत नव्हतो म्हणून नवलाने बघायचा आणि म्हणायचा, बोवार, आज नाही का? तिसऱ्या दिवशी मला ते सोसेना. मी मिरकोसाहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी विचारलं, हे आणखी कुणाला माहीत आहे? मी ताईंचं नाव सांगितलं. ती सांगणार होती का? मी नाही म्हणालो. मग ते हातातल्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती. शेवटी त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. उद्यापासून रोज सकाळी इस्पितळात जाऊन त्या बाईंकडे शिकायचं; त्या होय म्हणेपर्यंत ताज्या दुखापतीला हात लावायचा नाही. आणि सालेमला मी सांगायचं, ते सांगणार नाहीत.

सालेमला सांगितलं तेव्हा माझी मान वर होत नव्हती. त्याने पँटचा वर केलेला पाय खाली घेतला आणि एवढंच विचारलं, किती महिने? मी म्हटलं, सहा, कदाचित जास्त. तो उन्हाळ्यापर्यंतचे महिने बोटांवर मोजत निघून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र ठरल्या वेळी आला, आणि डावा पाय पुढे करून म्हणाला, हा तरी चोळ.

ताईंनी मला शिकवलं, ते ऋण मी कुठल्या तोंडाने सांगू? पहिले दोन आठवडे त्यांनी मला कुणालाच शिवू दिलं नाही. बर्फ आणायचा, टॉवेल पिळायचे आणि बघायचं. माझे हात आपसूक पुढे जायचे. त्या पाठमोऱ्या असतानाही म्हणायच्या, "पोवार, हात खिशात." इंग्रजी पुस्तकातली चित्रं समोर ठेवून मराठीत समजावायच्या. पस्तिशीच्या डेंटरला त्यांनी स्नायूंची नावं पाठ करायला लावली. चुकलो तर हसल्या नाहीत, फक्त पुन्हा विचारलं. वस्तादांनी मला हात दिला होता. तो कधी लावायचा नाही, हे ताईंनी शिकवलं.

मार्चमध्ये मिरकोसाहेबांना ऑस्ट्रियातून पत्र आलं. पूर्वी ते स्वतः जिथे खेळले होते तो दुसऱ्या श्रेणीतला क्लब, पण पक्का व्यावसायिक, आमच्यासारखा बिनपगारी खेळाचा नव्हे. त्यांचा स्टॉपर निवृत्त झाला होता. मिरकोसाहेबांनी सालेमचं नाव आधीच कळवून ठेवलं होतं. दहा दिवसांनी पाठवा, म्हणत होते ते, आम्ही बघतो. सालेमला करार मिळाला असता तर नोकरी, राहण्याचा परवाना, सगळं एका सहीत सुटलं असतं. मिरकोसाहेब त्याला घेऊन माझ्या खोलीत आले.

आमची एक साधी चाचणी असते. गड्याला पालथं झोपवायचं, गुडघा वाकवायचा आणि टाच कुल्ल्यापासून किती बोटं दूर राहते ते बघायचं. चार बोटं राहिली. मी त्याला वीस वेळा जोरात पळायला लावलं आणि पुन्हा पाहिलं. आता सहा होती. सालेम उठून उड्या मारून दाखवत होता, दुखत नाही म्हणत होता. त्याच्या कपाळावरचा घाम पळण्याचा नव्हता.

मिरकोसाहेब म्हणाले, "बोवार, जाऊ दे की नको? तू सांग. तुला विचारतोय, कारण तू स्वतःच्या विरुद्ध खरं बोलला होतास."

खरं सांगतो, 'जाऊ दे' माझ्या ओठावर आलं होतं. ज्याचं माझ्या हातून बिघडलं, त्याचं माझ्या एका शब्दाने भलं होत होतं. तो गेला असता, मी सुटलो असतो. पण मांडीच्या आत अजून ऊब होती, आणि आतलं हाड वाढायचं अजून थांबलेलं नाही असं ती सांगते, हे आता मला कळत होतं. पहिल्याच जोराच्या धडकेला ते सगळं पुन्हा सुरू झालं असतं, आणि मग सहा महिन्यांची गोष्ट राहिली नसती. मी म्हणालो, आत्ता नको. अजून तीन महिने.

मिरकोसाहेब पत्र लिहायला निघून गेले. सालेम दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "आधी माझा पाय घालवलास. आता चान्सही घालवलास." दार आपटलं नाही त्याने. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर तो माझ्या टेबलावर आला नाही. पण इस्पितळातून सुटका नव्हती. ताईंनी त्याला रोज सकाळी व्यायामाला बोलावलं आणि त्याच्यापुढे मोजायला मलाच उभं केलं. तो पाय वाकवायचा, मी अरबीत आकडे म्हणायचो. शंभर झाले की तो टॉवेल उचलून चालता व्हायचा. एप्रिल गेला, मे गेला, त्याची कॉलेजची परीक्षा झाली. आकड्यांखेरीज आमच्यात एक शब्द झाला नाही. मी एकदा ताईंना म्हटलं, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. त्या म्हणाल्या, "तो रोज येतोय ना? मग मोजा."

जूनमध्ये ऑस्ट्रियातून दुसरं पत्र आलं. मधल्या काळात त्यांनी दोन स्टॉपर बघून परत पाठवले होते. जुलैत नव्या हंगामाची तयारी सुरू होणार, तेव्हा या पोराला आणा, असं त्यांनी लिहिलं होतं. मिरकोसाहेब सुट्टीवर निघालेच होते; स्वतः घेऊन जातो म्हणाले. तीन महिन्यांनी सालेम पुन्हा माझ्या टेबलावर पालथा पडला. टाच टेकली. पळवून आणला, पुन्हा टेकली. मांडी थंड होती. मी तीनदा तपासली, इतकी की मिरकोसाहेब घड्याळ बघायला लागले. मग मी म्हणालो, घेऊन जा. सालेमने बुटांच्या नाड्या बांधल्या, सलाम केला आणि गेला. रागावलेला होता की घाबरलेला, मला कळलं नाही. पाठीवरून कळलं असतं, पण मी हात लावायला धजलो नाही.

सालेम त्या क्लबात पुढे नऊ वर्षं खेळला, शेवटी शेवटी कप्तान म्हणून. पण ते सगळं नंतरचं. मिरकोसाहेब सुट्टीहून परतले त्या संध्याकाळी आम्हांला कुणालाच काही माहीत नव्हतं. मी खोलीत एकटा टॉवेलांच्या घड्या घालत होतो. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, करार झाला. मग आत येऊन त्यांनी बाकीचं सांगितलं. तिथल्या डॉक्टरने एक्स-रे काढला, त्यात तो जुना पट्टा अजून पुसट दिसत होता. डॉक्टरची मान नकारार्थी हलायला लागली. हे बरं झालंय असं कोण म्हणतं, असं त्याने विचारलं. सालेमच्या खिशात सुनंदाताईंचं इंग्रजी पत्र होतं. ते त्याने काढलं, पण देण्याआधी म्हणाला, "माझा मुदल्लिक म्हणतो. मार्चमध्ये मी उड्या मारून दाखवत होतो तरी तो नाही म्हणाला होता. या वेळी हो म्हणालाय."

मला रडू आलं. टॉवेल हातात होता, तोच तोंडाला लावला. मिरकोसाहेबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. त्यांनी शर्ट काढला आणि प्रवासात कंबर आखडलीय म्हणत ते टेबलावर पालथे पडले. माझे हात तेलाकडे गेले होते. मी ते मागे घेतले आणि आधी विचारलं, कधीपासून दुखतंय, आणि कुठे मार लागला होता का.